सोसायटीच्या संगणकाची तपासणी: प्रकल्प नोंदी, जानेवारी-फेब्रुवारी २०२५

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

ठाण्यात पाचपाखाडीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचा सकाळी फोन आला. शुक्रवारी, ३ जानेवारीला रात्री, संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाच्या क्रमांकावरून ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी, फाइल आली. खजिनदारांनी ती खरोखरच पत्रिका समजून आपल्या फोनवर उघडली, फोनने विचारलेल्या प्रत्येक परवानगीला होकार दिला, आणि त्याच रात्री १.४२ व १.४७ वाजता त्यांच्या डेबिट कार्डावरून ४८,५०० आणि ३७,९०० रुपयांच्या दोन ऑनलाइन खरेद्या झाल्या. ज्या सभासदाच्या नावाने फाइल आली, त्यांचे व्हॉट्सॲप खाते त्या संध्याकाळपासून त्यांच्या हातात नव्हतेच. खजिनदारांनी शनिवारी सकाळी १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुपारी पोलीस ठाण्यात अर्जही दिला.

समितीला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. कार्यालयातील संगणकाचा या प्रकाराशी काही संबंध आहे का, आणि त्यात ठेवलेली सभासदांची व भाडेकरूंची कागदपत्रे सुरक्षित आहेत का. पैसे कोणी नेले हे शोधण्याचे काम पोलिसांचे आहे आणि त्यात मी हात घालणार नाही, असे सुरुवातीलाच सांगितले व कामाची व्याप्ती नमूद करणारा ठराव लेखी मागितला.

खजिनदारांच्या फोनबद्दल ऐकून मात्र हळहळ वाटली. त्यांच्या भाच्याने शनिवारी दुपारीच फोन फॅक्टरी रीसेट करून दिला होता. हेतू चांगला होता, यात शंका नाही; पण अलीकडच्या अँड्रॉइड फोनमधील माहिती कूटबद्ध स्वरूपात साठवलेली असते आणि रीसेट होताना ती उलगडण्याची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे जुने काही परत मिळण्याची आशा प्रयोगशाळेलाही उरत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र नशीब चांगले निघाले. कार्यालयात दुपारी १ ते ६ या वेळेत काम करणाऱ्या लिपिक मुलीने शनिवारी प्रकार कळताच, कोणी सांगितले नसताना, संगणक बंद करून प्लग काढला आणि पडद्यावर ‘कृपया वापरू नये’ असा कागद चिकटवला. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत पुराव्याचे पहिले नुकसान घरच्याच माणसांनी केलेले असते. येथे कोणीतरी हात आवरला.

बुधवार, ८ जानेवारी

ठराव मिळाला. दुपारी कार्यालयात जाऊन अध्यक्ष मॅडम, सचिव आणि एक सभासद यांच्या समक्ष संगणक उघडला. टेबलाची, तारांची, कॅबिनेटच्या मागच्या बाजूची छायाचित्रे घेतली. १ टीबी क्षमतेच्या हार्ड डिस्कचा अनुक्रमांक वहीत उतरवला. डिस्क काढल्यावर संगणक बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर, चालू करून त्याचे घड्याळ तपासले, ते मोबाइल नेटवर्कच्या वेळेपेक्षा १४ सेकंद मागे होते. ही नोंद केल्याचे मला समाधान वाटले होते, हे पुढच्या मजकुरासाठी येथे लिहून ठेवतो.

डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, पिशवीवर कागदी पट्टी लावून तिघांच्या सह्या घेतल्या. हा सगळा सोपस्कार सचिवांना थोडा अति वाटला. ‘अहो सर, आपलीच डिस्क आहे, कोण बदलणार?’ असे ते म्हणाले. त्यांना सांगितले की उद्या कोणी न्यायालयात नेमके हेच विचारले तर उत्तर आज तयार करावे लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला असून त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा पहिला भाग ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे माहितीतून गणिताने काढलेला आणि ती जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा, लिहायचे असते. जुन्या कायद्यातील कलम ६५-ब मध्येही प्रमाणपत्र होतेच. ते अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी पुन्हा स्पष्ट केले, तो वाद जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उभा राहिला होता. नव्या नमुन्यात हॅशची पद्धत कोणती, हेही नोंदवावे लागते, ही सुधारणा मला मोलाची वाटते.

स्कूटरच्या डिकीत डिस्क ठेवून नितीन कंपनी जंक्शनमार्गे थेट वागळे इस्टेटमधील माझ्या खोलीवर आलो. वाटेत चहालाही थांबलो नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

डिस्क राइट ब्लॉकरला जोडली. या लहानशा डबीचे काम एवढेच की संगणकाला डिस्क वाचता यावी पण तिच्यावर एक अक्षरही लिहिता येऊ नये. विंडोज नुसती डिस्क जोडल्यावरही तिच्यावर बारीकसारीक नोंदी करते, त्यामुळे या डबीविना केलेली तपासणी पहिल्याच मिनिटाला वादग्रस्त ठरते. प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, घेणे ११ वाजता सुरू केले. सेकंदाला साधारण १०० एमबी या वेगाने १ टीबी वाचायला पावणेतीन तास लागतात आणि पडताळणीला पुन्हा तेवढेच. पावणेएकला वीज गेली. यूपीएसची बॅटरी बदलायचे मी दिवाळीपासून पुढे ढकलत होतो. अर्धवट प्रतिमा टाकून दिली, ती का टाकली हे वहीत लिहिले, आणि नवी बॅटरी आणून संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रात्री साडेअकराच्या सुमारास काम पूर्ण झाले. एफटीके इमेजर या प्रतिमा घेणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेली एमडी५ आणि एसएचए-१ ही हॅश मूल्ये पडताळणीत तंतोतंत जुळली. २०१७ मध्ये संशोधकांनी एकच एसएचए-१ मूल्य असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली तयार करून दाखवल्या होत्या, त्यामुळे मी एसएचए-२५६ स्वतंत्रपणे काढतो. त्याची चौसष्ट अक्षरे दोन ओळींत वहीत हाताने उतरवली. मूळ डिस्क पुन्हा सीलबंद केली. यापुढचे सर्व काम प्रतीवर.

शनिवार, ११ जानेवारी

‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये ती एपीके फाइल सापडली. तिच्यासोबत विंडोजने जोडलेली झोन आयडेंटिफायर ही लपलेली नोंद शाबूत होती आणि तिच्यात क्षेत्र ३, म्हणजे इंटरनेट, असे लिहिलेले होते. क्रोमच्या डाउनलोड इतिहासातही तीच फाइल होती आणि ती ज्या टॅबमधून उतरली तो टॅब व्हॉट्सॲप वेबचा होता. म्हणजे कार्यालयाच्या संगणकावर संस्थेचे व्हॉट्सॲप उघडे होते आणि कोणीतरी ग्रुपवरची फाइल उतरवून घेतली. एपीके हे अँड्रॉइडसाठीचे स्वरूप असल्याने विंडोजवर ती फाइल निपचित पडून राहते. या संगणकाला तिने काहीही केलेले नाही. दोन्ही नोंदींत वेळ एकच होती: ३ जानेवारी, १६.०९.

रविवार, १२ जानेवारी

समितीच्या बैठकीत प्राथमिक घटनाक्रम तोंडी मांडला. फाइल शुक्रवारी दुपारी चार वाजून नऊ मिनिटांनी संगणकावर उतरली, असे मी सांगितले. काही क्षण कोणी बोलले नाही. मग एका सदस्याने विचारले, ‘चार वाजता ऑफिसात कोण असतं?’ उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते. बैठक चालू असताना लिपिक मुलगी बाहेरच्या खोलीत पावत्या फाइलला लावत बसली होती आणि दार उघडे होते. तिने प्लग का काढला, ‘लपवायला तर नाही?’ इथपर्यंत चर्चा गेली. संगणकावर सर्वांसाठी एकच खाते आहे आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे, त्यामुळे फाइल कोणी उतरवली हे संगणक सांगू शकत नाही, असे मी म्हणालो. पण वेळ मी सांगून बसलो होतो, आणि पुढचा अर्थ ज्याने त्याने लावला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत असल्याने अध्यक्ष मॅडम घरी होत्या. ग्रुपवरचा मूळ संदेश ॲडमिनने त्याच रात्री सर्वांसाठी काढून टाकला होता. तरी काढलेल्या संदेशाच्या जागी राहणारी ओळ आणि तिची वेळ प्रत्येकाच्या फोनमध्ये शिल्लक असते, म्हणून त्यांच्या फोनवर ती पाहायला गेलो. ओळ होती. वेळ होती रात्री ९.३१.

रात्री ९.३१ ला आलेली फाइल दुपारी ४.०९ ला उतरवली कशी जाईल? तिळगुळाची वडी हातात तशीच राहिली. ९.३१ मधून ४.०९ वजा केल्यावर पाच तास बावीस मिनिटे उरली आणि चूक कुठे आहे हे लगेच कळले.

एनटीएफएस ही विंडोजची फाइलव्यवस्था वेळ स्थानिक स्वरूपात ठेवत नाही. १ जानेवारी १६०१ पासून उलटलेला काळ ती यूटीसी, म्हणजे जागतिक समन्वित वेळेत, मोजते आणि क्रोमचा डाउनलोड इतिहासही त्याच आरंभबिंदूपासून मोजतो. ती भारतीय वेळेत दाखवायची असेल तर तपासणीच्या साधनाला वेळक्षेत्र सांगावे लागते, आणि ते सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते. १६.०९ मध्ये साडेपाच तास मिळवले की २१.३९ होतात: संदेश आल्यानंतर आठ मिनिटांनी. दोन नोंदी एकच वेळ सांगत आहेत म्हणून मला खात्री वाटली होती, पण दोन्ही साक्षी एकाच घड्याळाकडे पाहून बोलत होत्या. संगणकाचे घड्याळ १४ सेकंद मागे आहे हे मी छायाचित्रासह नोंदवले आणि साडेपाच तास सोडून दिले.

बुधवार, १५ जानेवारी

समितीला दुरुस्तीपत्र दिले. चूक माझी असल्याचे, ती कशामुळे झाली याचे आणि १२ तारखेचे विधान मागे घेत असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले. फाइल रात्री ९.३९ ला उतरली, त्या वेळी कार्यालयाचे कामकाज बंद झालेले असते, एवढेच तथ्य नमूद केले. पत्र लिपिक मुलीच्या समोर वाचून दाखवावे अशी विनंती केली आणि अध्यक्ष मॅडमनी ती मान्य केली. वाचून झाल्यावर ती फक्त ‘ठीक आहे सर’ म्हणाली.

गुरुवार, १६ जानेवारी

विंडोजच्या सुरक्षा नोंदींत ४६२४ क्रमांकाची, प्रकार ७ ची नोंद भारतीय वेळेनुसार २१.१२ ला आहे. प्रकार ७ म्हणजे कुलूपबंद पडदा पासवर्ड देऊन उघडला. खाते एकच असल्याने माणूस कोण हे येथेही कळत नाही. लॉबीतील कॅमेऱ्याचे चित्रण मात्र कळवू शकते, आणि ते साठवणाऱ्या डीव्हीआर यंत्रात पंधरा दिवसांनंतर जुन्यावर नवे चढते, म्हणजे हातात दोनच दिवस होते. डीव्हीआरच्या पडद्याशेजारी मोबाइल धरून छायाचित्र घेतले: डीव्हीआर ११ मिनिटे पुढे. त्याच्या घड्याळाप्रमाणे २१.२१ ला, म्हणजे खऱ्या २१.१० ला, सचिव स्वतः किल्ली फिरवून कार्यालयात जाताना दिसतात.

सचिवांना हे दाखवल्यावर ते आधी अवाक झाले आणि मग त्यांना आठवले. जेवणानंतर ते देखभाल शुल्काची यादी छापायला गेले होते, ग्रुपवर पत्रिका दिसली, मोठ्या पडद्यावर वाचू म्हणून क्लिक केले, उघडली नाही, सोडून दिले. यात अपराध काही नाही. चित्रणाचा तो भाग डीव्हीआरच्या मूळ स्वरूपातच उतरवून घेतला, हॅश काढला, आणि ११ मिनिटांच्या फरकाची नोंद सोबत जोडली.

सोमवार, २० जानेवारी

एपीके सुटी करून वाचली. आधी फाइल कुठेही न चढवता नुसता तिचा हॅश एका सार्वजनिक विषाणू-तपासणी सेवेवर शोधला. अनेक अँटिव्हायरसनी ती आधीच घातक ठरवलेली होती. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीपत्रकात, मागितलेल्या परवानग्या पाहिल्या की पत्रिकेचा आव गळून पडतो: येणारे एसएमएस मिळवणे, जुने एसएमएस वाचणे, एसएमएस पाठवणे, संपर्कयादी वाचणे, फोन सुरू होताच आपोआप चालू होणे. एकदा उघडल्यावर ॲपचे चिन्ह यादीतून नाहीसे होते. कोडमध्ये आलेला प्रत्येक एसएमएस आणि संपूर्ण संपर्कयादी एका टेलिग्राम बॉटकडे, म्हणजे टेलिग्रामवरील आपोआप चालणाऱ्या खात्याकडे, पाठवण्याची व्यवस्था आहे. ज्या सभासदाच्या नावाने फाइल आली त्यांचे व्हॉट्सॲपही याच वाटेने गेले असणे शक्य आहे, कारण नव्या फोनवर ते सुरू करायला एसएमएसने येणारा संकेतांकच लागतो.

बॉटची किल्ली कोडमध्ये उघडीच लिहिलेली आहे. एका तरुण सभासदाने ती वापरून ‘आत शिरून बघूया’ असे उत्साहाने सुचवले. परवानगीविना दुसऱ्याच्या प्रणालीत शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येते, आणि समोरचा चोर असला तरी त्याने मला परवाना मिळत नाही. शिवाय तेथे पाय ठेवला तर पोलिसांना हवे असलेले ठसेच पुसले जातील. किल्ली अहवालाच्या परिशिष्टात पोलिसांसाठी नमूद केली.

एक प्रश्न मात्र सुटत नाही. एसएमएस मिळाले म्हणजे ओटीपी मिळाला, पण खरेदीसाठी कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंकही लागतात. ते कोठून आले? खजिनदार म्हणतात की त्यांनी कोठेही काहीही भरले नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

खजिनदार काकांनी संध्याकाळी एकटेच येऊन फोन माझ्यासमोर ठेवला. ‘हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं,’ म्हणाले. रीसेटनंतर गुगल खात्यातून सर्व संपर्क परत आले होते आणि त्यांत ‘बंडू इलेक्ट्रिशियन’ या नावाखाली तीन क्रमांक होते: पहिल्या दोन रकान्यांत मिळून सोळा अंक, तिसऱ्यात सात. सोळा अंक कार्डाचे. सातांपैकी चार मुदतीचे आणि तीन मागचे. विसरायला होते म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी केलेली ही युक्ती, आणि असा बंडू निम्म्या ठाण्याच्या फोनमध्ये कोणत्या ना कोणत्या नावाने असावा असा माझा अंदाज आहे.

संपर्कयादी बॉटकडे जात होती, यादीत कार्ड होते, एसएमएसमधून ओटीपी मिळत होता. तुकडे एकमेकांत बसतात. तरीही अहवालात ‘असेच घडले’ असे लिहिले नाही. फोनमधील मूळ पुरावा रीसेटमध्ये गेला आहे, त्यामुळे ‘ॲपच्या क्षमतेशी आणि उपलब्ध माहितीशी सुसंगत’ एवढेच लिहिता येते. बँकेकडे दाद मागताना रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक वाचून जावे, असे काकांना सांगितले. त्यात तिसऱ्या पक्षाने व्यवस्थेत घातलेल्या दरोड्याची सूचना ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत दिल्यास त्याची जबाबदारी शून्य मानली आहे, पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान सूचना देईपर्यंत त्याच्याच माथी आहे. बंडू कोणत्या बाजूला पडतो हा बँकेशी वादाचा मुद्दा होईल. बंडू लपवा असे मी त्यांना सांगितले नाही.

सोमवार, २७ जानेवारी

समितीचा दुसरा प्रश्न: कागदपत्रे. ‘भाडेकरू’ या फोल्डरमध्ये आधार, पॅन, भाडेकरार आणि छायाचित्रे मिळून ६१२ फाइली आहेत. हेच फोल्डर गुगल ड्राइव्हवर आहे आणि २०२१ मध्ये हिशेबनीसाच्या सोयीसाठी ते ‘लिंक असलेल्या कोणालाही’ खुले केले, ते आजतागायत खुले होते. लिंक लगेच बंद केली. ती कोणी उघडून पाहिली का, हे साध्या वैयक्तिक खात्यात कळत नाही. बघितल्याचा पुरावा नाही, आणि न बघितल्याचाही नाही. समितीला हे उत्तर आवडले नाही.

हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहते, म्हणून रिकाम्या समजल्या जाणाऱ्या जागेतून जेपीजी चित्रांच्या आरंभखुणा शोधल्या. थोड्याच वेळात २०१९ मध्ये जागा सोडून गेलेल्या एका भाडेकरूचे आधार कार्ड, छायाचित्रासह, स्पष्ट वाचता येईल असे पडद्यावर आले. पुढची चित्रे उघडली नाहीत. संख्या मोजली आणि थांबलो. मुद्दा सिद्ध व्हायला एक कार्ड पुरेसे होते आणि बाकीच्या माणसांनी मला त्यांचे आधार पाहण्याची संमती दिलेली नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

सर्वसाधारण सभा. उपायांवर दोन तास गेले, त्यांतला सव्वा तास आधारच्या प्रतींवर. ‘पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागते, मग प्रत नको का?’ हा आक्षेप रास्त होता. माहिती कळवायची आहे, ती कळवल्याची पोच जपावी. प्रत ठेवायचीच असेल तर शेवटचे चार अंकच दिसणारा मास्क्ड आधार घ्यावा, आणि भाडेकरू गेल्यावर ती नष्ट करावी, असे ठरले. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने नेमका ३ जानेवारीला, म्हणजे त्याच शुक्रवारी, प्रसिद्ध केला. हेतू संपला की माहिती पुसावी, हे त्या कायद्यातले तत्त्व सभेला वाचून दाखवले.

बाकीचे पटकन मंजूर झाले: प्रत्येकाला स्वतंत्र खाते, मॉनिटरवरचा पासवर्ड रद्द, मेलला ऑथेंटिकेटर ॲपसह दुहेरी पडताळणी, कागदपत्रे कूटबद्ध फोल्डरमध्ये, आठवड्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात. जुन्या डिस्कवरील काहीही आत्ता पुसू नये, पोलीस ती मागू शकतात, हे मात्र तीनदा सांगावे लागले. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहता येते, हे सांगितल्यावर सभेतच निम्मे लोक फोन काढून बसले आणि इतिवृत्त तेथेच थांबले.

रविवार, ९ फेब्रुवारी

अहवाल, कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन्ही भाग आणि सीलबंद मूळ डिस्क संस्थेच्या हवाली केली. डिस्कच्या प्रतिमेची एक कूटबद्ध प्रत माझ्याकडे आहे आणि तिच्यात ६१२ फाइली व पुसलेली सर्व चित्रे जशीच्या तशी आहेत; तपास संपल्याचे संस्थेने लेखी कळवल्यावर ती दोन साक्षीदारांसमोर नष्ट करण्याचे पत्र दिले. तोवर ती माझ्या कपाटात, आणि तिची जबाबदारी माझी.

पावती लिपिक मुलीने तयार केली. सह्या झाल्यावर तिने वेळेच्या रकान्यात ‘सायं. ६.१०’ लिहिले, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि पुढे स्वतःहून ‘भारतीय प्रमाणवेळ’ असे जोडले.